कॅनला फुटलेला घाम

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं शहर आहे. विषुववृत्तापासून बारा अंशांवर, समुद्राला लागून. तिथली माणसं वर्षाचे दोनच ऋतू मानतात, कोरडा आणि ओला. ओला ऋतू सुरू होण्याआधीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आठवडे सर्वांत जाचक. ढग रोज भरून येतात, पाऊस पडत नाही, कपडे अंगाला चिकटतात, माणसं चिडचिडी होतात. तिकडे या दिवसांना 'बिल्ड-अप' म्हणतात. मेअखेरीची मुंबई ज्यांनी काढली आहे त्यांना हे दिवस वेगळे समजावून सांगायला नकोत.

याच शहरात १९७४ पासून मिंडिल किनाऱ्यावर बीअरच्या रिकाम्या कॅनपासून बांधलेल्या होड्यांची शर्यत भरते. शहरभर पडलेल्या कॅनचं काहीतरी व्हावं म्हणून सुरू झालेली ही जत्रा आजही टिकून आहे. इतके कॅन रिकामे होत असतील, तर ते शेवटच्या घोटापर्यंत गार ठेवायचे कसे, याचाही विचार तिथे झालेला असणारच. तो झाला आहे, आणि त्याचं उत्तर फक्त डार्विनच्याच नव्हे, सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या घराघरांत सापडतं. त्याला म्हणतात 'स्टबी होल्डर'. 'स्टबी' म्हणजे ३७५ मिलिलिटरची बुटकी बाटली. तिच्यावर किंवा तेवढ्याच मापाच्या कॅनवर चढवायचा रबरी फोमचा जाड मोजा म्हणजे स्टबी होल्डर. अमेरिकेत यालाच 'कूझी' म्हणतात.

हा लेख लिहिताना असा एक होल्डर माझ्या टेबलावर आहे. मेलबर्नहून सुट्टीला आलेल्या एका नातलगानं दिलेला. बाहेरून निळा, त्यावर तिथल्या एका क्रिकेट क्लबचं चिन्ह. कापड गुळगुळीत, पोहण्याच्या पोशाखासारखं. आडवा दाबला तर स्पंजासारखा दबतो आणि सोडला की लगेच पूर्ववत होतो. जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास. उभी शिवण एकच, आतून जाड दोऱ्याची. तळाला त्याच फोमची गोल चकती चिकटवलेली आहे आणि तिच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक आहे. ते भोक महत्त्वाचं. कॅन आत सरकवताना खाली अडकलेली हवा त्यातून निघून जाते आणि कॅन बाहेर काढताना तिथूनच आत येते. ते नसतं तर घट्ट मापाच्या होल्डरमध्ये कॅन धड आत बसला नसता आणि बसलाच तर बाहेर निघाला नसता. यंत्र नाही, वीज नाही, बर्फ नाही. दोन तुकडे फोम, एक शिवण, एक भोक.

एवढ्याशा वस्तूनं पेय गार राहतं ते का, हे विचारलं की बहुतेक जण एकच उत्तर देतात: बाहेरची उष्णता आत जात नाही म्हणून. उत्तर खरं आहे, पण दमट गावात ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं शोधलं अमेरिकेतल्या सिअॅटल शहरातल्या दोन वातावरणशास्त्रज्ञांनी.

वॉशिंग्टन विद्यापीठातले डेल डुरान आणि डार्गन फ्रायर्सन हे दोघे ढग, वारे, वादळं यांचा अभ्यास करणारे. हवेतल्या वाफेचं पाणी होताना किती उष्णता बाहेर पडते, हे विद्यार्थ्यांना पटेल असं एखादं रोजच्या जगण्यातलं उदाहरण डुरान शोधत होते. त्यांनी बीअरच्या गार कॅनचा हिशेब कागदावर मांडला आणि उत्तर पाहून ते स्वतःच चकित झाले. कॅनच्या बाहेर साचणारा पाण्याचा पातळ थर आतल्या पेयाला भोवतालच्या गरम हवेइतकंच, कधी त्याहूनही जास्त तापवत होता. हिशेब खरा आहे का, हे पाहायला फ्रायर्सन यांच्या घराच्या तळघरातलं जुनं न्हाणीघर कामी आलं. हीटर लावून खोली तापवायची, गरम पाण्याचा शॉवर सोडून ती दमट करायची आणि गार कॅनचं काय होतं ते मोजायचं. पुढे विद्यापीठात विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग नीट उपकरणांनिशी केला आणि एप्रिल २०१३ च्या 'फिजिक्स टुडे' मासिकात त्यावर लेख आला.

यातलं विज्ञान आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात 'उष्णता' या धड्यात आहे. अप्रकट उष्मा, दवबिंदू तापमान, सापेक्ष आर्द्रता हे शब्द तिथे पाठ केलेले असतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. पाण्याची वाफ करायला उष्णता द्यावी लागते हे चहा उकळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याच वाफेचं पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता परत मिळते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. ती कुठे जाते? जिथे पाणी जमतं तिथे. गार कॅनवर थेंब जमला की त्याची उष्णता ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून सरळ आतल्या पेयात उतरते.

आकडे पाहा. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सुटते. तीनशे मिलिलिटर पेयाचं तापमान एका अंशानं वाढवायला सुमारे १,२६० ज्यूल लागतात. म्हणजे कॅनच्या अंगावर एक ग्रॅम पाणी जमलं की आतलं पेय जवळजवळ दोन अंशांनी तापलं. आणि एक ग्रॅम म्हणजे किती? वीसेक थेंब. ३५५ मिलिलिटरच्या अमेरिकी कॅनवर केसाच्या जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका थर जमला तर तो सुमारे तीन ग्रॅम भरतो आणि पेय पाच अंशांनी गरम करतो. न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट शहरात उन्हाळ्याच्या दिवशी हे होताना फार वेळ लागत नाही. डुरान आणि फ्रायर्सन यांच्या हिशेबानं तिथे पाच मिनिटांत केवळ या जमणाऱ्या पाण्यामुळे पेय तीनेक अंशांनी तापतं.

त्यांनी टोकाचं उदाहरण घेतलं ते सौदी अरेबियातल्या धहरानचं. इराणच्या आखातालगतच्या या शहरात ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू तापमान ३५ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. जगात आजवर नोंदलेल्या दवबिंदूंपैकी हा सर्वांत वरचा मानला जातो. दवबिंदू ३५ याचा अर्थ, ३५ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणार. फ्रीजमधून काढलेला कॅन अशा हवेत किती वेळ गार राहील?

कॅनला फुटलेला घाम ही गारव्याची खूण म्हणून आपल्याला जाहिरातींनी शिकवली आहे. प्रत्येक शीतपेयाच्या चित्रात बाटलीवर थेंब असतात, ते ओघळत असतात आणि ते पाहूनच घसा कोरडा पडतो. मला वाटतं, या चित्रानं आपल्याला उलटं शिकवलं. कॅन गार आहे म्हणून त्यावर थेंब जमतात हे बरोबर. पण तो प्रत्येक थेंब जमताना आतला गारवा घेऊन जातो. होल्डरचं मोठं काम म्हणूनच हे, की दमट हवा कॅनच्या गार पत्र्यापर्यंत पोचूच नये. हवा पोचली नाही की पाणी जमत नाही, पाणी जमलं नाही की ती उष्णताही नाही.

डुरान यांच्यासारख्या माणसाला कॅनमध्ये रस का वाटावा, हेही इथे सांगायला हवं. वाफेचं पाणी होताना सुटणारी हीच उष्णता ढगांना वर ढकलते, वादळांना बळ देते. आपला मोसमी पाऊस तिच्यावरच चालतो. अरबी समुद्रावरून आलेली वाफ सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी होते तेव्हा तिथल्या हवेत जी उष्णता मोकळी होते, तीच छोट्या प्रमाणात आपल्या हातातल्या कॅनवर मोकळी होत असते.

आता कॅनविषयी. पेय इतकं पटकन तापण्यात त्याचाही वाटा आहे. डब्यातली बीअर पहिल्यांदा विकली गेली २४ जानेवारी १९३५ रोजी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडमध्ये. तो डबा पोलादी पत्र्याचा आणि वजनदार होता. ॲल्युमिनियमचा कॅन १९५९ मध्ये कोलोरॅडोतल्या कूर्स कंपनीनं आणला. पुढे तो इतका पातळ होत गेला की आज त्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग आहे. हलका, स्वस्त, पुन्हा वितळवता येणारा. काच बरीच जाड असते आणि उष्णता सावकाश वाहू देते. ॲल्युमिनियम ती स्थिर हवेच्या हजारो पट वेगानं वाहू देतं. फ्रीजमध्ये कॅन बाटलीहून लवकर गार होतो तो याच गुणामुळे, आणि बाहेर आला की त्याच गुणामुळे लवकर तापतो.

त्यात हाताची भर. तळहाताची त्वचा तेहतीस अंशांच्या आसपास असते आणि ती पत्र्याला थेट टेकते. नुसत्या हवेपेक्षा टेकलेला हात कितीतरी जास्त उष्णता देतो. गप्पांच्या ओघात आपण कॅन मुठीत धरून बसतो आणि त्याला तापवत राहतो. होल्डर हेही थांबवतो.

गारव्याचा आग्रह हा निव्वळ लाड नाही. सोडा असो की बीअर, त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू गार पाण्यातच नीट विरघळून राहतो. वीस अंशांच्या पाण्यात तो शून्य अंशाच्या पाण्यात राहतो त्याच्या जेमतेम निम्मा राहतो. पेय तापलं की वायू निघून जातो आणि उरतं ते गोड पाणी.

गार वस्तू गुंडाळून तिचा गारवा राखायची युक्ती अर्थातच जुनी आहे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यानं गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला १८० टन बर्फ 'टस्कनी' जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून. कलकत्त्याला पोचला तेव्हा त्यातला सुमारे शंभर टन शिल्लक होता. ट्यूडरचं भांडवल म्हणजे लाकडाचा भुसा. भुशात अडकलेली हवा हालत नाही आणि न हलणारी हवा उष्णता फारशी पुढे जाऊ देत नाही. पुढे मुंबईतही अमेरिकी बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर उभं राहिलं. रसवंतीवाले आजही बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि मासळी बाजारात बर्फ थर्माकोलच्या पेट्यांतून येतो. भुसा, गोणपाट, थर्माकोल, गोधडी, चहाच्या किटलीवरची टीकोझी, सगळ्यांचं काम एकच, हवेला कोंडून ठेवणं. कूझी हे नाव या टीकोझीवरूनच घेतलेलं. १९८० मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या एका कंपनीनं ते नोंदवून घेतलं, आणि पुढे तिच्या वारसदार कंपनीनं स्वतःचं नावच 'कूझी ग्रुप' ठेवलं.

होल्डरचा फोम बहुधा निओप्रीनचा असतो. हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत, वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडले की त्याचा मऊ फोम होतो. प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि वायू बाहेर येत नाही. १९५२ च्या सुमारास बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी पाण्याखाली बुडी मारणाऱ्या नौसैनिकांसाठी याच फोमचा पोशाख सुचवला. त्यांच्या लक्षात आलं होतं की थंड पाण्यात उबदार राहायला माणूस कोरडा असण्याची गरज नाही. त्वचेलगत थोडं पाणी राहिलं तरी चालेल, ऊब राखण्याचं काम कापडातला कोंडलेला वायू करतो. तोच वेटसूट लाटांवर खेळणाऱ्यांनी उचलला आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात त्याचा मोठा धंदा उभा राहिला. माणसाची ऊब आत राखणारं कापड कॅनचा गारवाही राखतं, कारण उष्णता अडवायची तर ती कुठल्या दिशेला निघाली आहे हे कापडाला पाहावं लागत नाही. गार कॅनवर होल्डर चढवला तर तो गार राहतो, कोमट कॅनवर चढवला तर कोमटच राहतो. म्हणून होल्डरसकट कॅन फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या बादलीत ठेवण्यात अर्थ नाही. तिथे तो गार व्हायलाच वेळ लागेल.

हा सगळा विषय आपल्या गावांना लावून पाहिला की खरी गंमत कळते. महाराष्ट्रात दोन उन्हाळे आहेत. एक कोकण-मुंबईचा, दुसरा विदर्भाचा.

जूनच्या सुरुवातीची मुंबई घ्या. पारा एकतीसच्या आसपास, आर्द्रता पंचाहत्तर टक्के. अशा हवेचा दवबिंदू सव्वीस अंशांच्या जवळ येतो. फ्रीजमधून काढलेला चार अंशांचा कॅन इथे सव्वीस अंशांपर्यंत तापेतो घामेजतच राहणार. म्हणजे पिऊन संपेपर्यंत. आता मे महिन्यातलं नागपूर घ्या. पारा चव्वेचाळीस, आर्द्रता पंधरा टक्के. दवबिंदू येतो साधारण बारा अंश. तोच कॅन तिथे आधी थोडा घामेजेल, पण पेय बारा अंशांच्या वर गेलं की घाम बंद. तिथे तो तापतो तो नुसत्या हवेनं. हवा तेरा अंशांनी जास्त गरम असूनही नागपूरचा कॅन मुंबईच्या कॅनच्या तुलनेत अपेक्षेइतका झपाट्यानं तापत नाही, याचं कारण हे.

याच कारणानं कूलर नागपुरात घर गार करतो आणि मुंबईत नुसता ओल वाढवतो. रांजण, माठ, सुरई, वाळ्याचे पडदे, ट्रकच्या बाजूला लटकणारी कॅनव्हासची छागळ, ही सगळी कोरड्या मुलखाची हुशारी. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. कॅनवर नेमकं उलटं घडतं. माठाच्या अंगावरचं पाणी आतून येतं आणि हवेत जातं, म्हणून माठ गार होतो. कॅनच्या अंगावरचं पाणी हवेतून येतं आणि तिथेच बसतं, म्हणून कॅन तापतो. दोघांच्या अंगावर थेंब दिसतात, दोघांना आपण घाम फुटला म्हणतो, पण एक थेंब देतो आणि दुसरा घेतो.

पंख्याचंही तसंच. पंखा माणसाला गार करतो तो आपल्या अंगावरचा घाम वाळवून. पण टेबलावरच्या गार कॅनला पंखा नवी नवी गरम, ओली हवा आणून देतो. कॅन पंख्याखाली ठेवला की लवकर तापतो आणि दमट गावात त्यावर पाणीही लवकर साचतं. मुंबईच्या घरांत, खानावळींत, गोव्याच्या समुद्राकाठच्या शॅकमध्ये गार पेय हटकून पंख्याखाली किंवा वाऱ्यावरच प्यायलं जातं. होल्डरची खरी गरज तिथे आहे.

नागपूरकरांनी मग काय करावं? प्रवासात, शेतावर, जिथे फ्रीज नाही तिथे बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवणं हा अजूनही उत्तम उपाय आहे. चव्वेचाळीस अंश आणि पंधरा टक्के आर्द्रतेत ओल्या फडक्याचं तापमान तेवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणजे कोमट बाटली तेवीसच्या जवळ येईल. पण चार अंशांचा कॅन चार अंशांवर ठेवायचा तर फडक्याचं काम नाही, तेवीस अंशांचं फडकंही त्याला तापवणारच. तिथे होल्डरच हवा. मुंबईत ओलं फडकं दोन्ही कामांना निरुपयोगी, कारण तिथे ते वाळतच नाही.

होल्डर नेमका किती उपयोगी? पाच मिलिमीटरचा निओप्रीन, आत पाच अंशांचा कॅन, बाहेर जूनमधली मुंबई, असा कच्चा हिशेब मी मांडून पाहिला. उघड्या कॅनमध्ये दर मिनिटाला जितकी उष्णता शिरते, त्याच्या चाळीस टक्क्यांहून कमी होल्डरमधल्या कॅनमध्ये शिरते. उघडा कॅन पंधरा मिनिटांत जितका तापेल तितकं तापायला होल्डरमधल्या कॅनला पाऊण तास लागेल असं नाही, कारण कॅनचं तोंड आणि वरची चकती उघडीच असते. पण अर्धा तास निश्चित. आणि एका कॅनला अर्ध्या तासाहून जास्त वेळ सहसा कोणी लावत नाही. याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसली. मुंबईच्या हवेत होल्डरच्या बाहेरच्या कापडाचं तापमान वीस-एकवीसपर्यंत उतरतं, म्हणजे दवबिंदूच्या खाली. त्यामुळे भर पावसाळ्यात होल्डरही बाहेरून किंचित ओलसर लागतो. तो बिघडलेला नसतो. ती उष्णता कापडाच्या बाहेर सुटते आणि पाच मिलिमीटर फोम ओलांडून आत यायला तिला वेळ लागतो.

बाजारात मिळणाऱ्या प्रकारांत फरक मोठा आहे. घडी करून खिशात मावणारे, पातळ फोमवर कापड चिकटवलेले होल्डर अमेरिकेत लग्नांत, निवडणुकांत, दुकानांच्या उद्घाटनांत फुकट वाटले जातात. हातापुरते ते ठीक, पण हवा कोंडायला त्यांच्यात जागाच थोडी. पाच मिलिमीटरचा निओप्रीन त्यांच्याहून खूप बरा. सर्वांत वरचा प्रकार म्हणजे दुहेरी पोलादी भिंतींचा, मधली हवा काढून टाकलेला होल्डर. ही निर्वात पोकळीची युक्ती सर जेम्स ड्यूअर यांची, १८९२ मधली. १९०४ मध्ये जर्मनीत तिला 'थर्मास' हे नाव मिळालं आणि आपल्याकडच्या एका पिढीला ती तळेगावच्या ईगल थर्मासमुळे घरची झाली. पोलादी होल्डर बाहेरून ओला होतच नाही. मात्र तो जड आणि महाग असतो आणि खिशात मावत नाही. ज्यांना दिवसभर उन्हात, बोटीवर किंवा शेतावर काम आहे त्यांनी तो घ्यावा. घरच्या बाल्कनीत बसायला निओप्रीन पुरे.

प्रकारापेक्षा माप महत्त्वाचं, आणि आपल्याकडे फसगत तिथेच होते. परदेशातून येणारे बहुतेक होल्डर तिथल्या कॅनच्या मापाचे असतात, सुमारे ६६ मिलिमीटर व्यासाच्या. आपल्याकडचा ३३० मिलिलिटरचा नेहमीचा कॅन त्यात बसतो. पण एनर्जी ड्रिंकचा २५० मिलिलिटरचा सडपातळ कॅन जेमतेम ५३ मिलिमीटरचा असतो. तो अशा होल्डरमध्ये सैल राहतो, भोवतीच्या फटीत दमट हवा वरून उतरत राहते आणि पाणी कॅनवरच साचतं, फक्त दिसत नाही. होल्डर काढला की खाली ओघळलेलं पाणी पाहून कळतं. पाचशे मिलिलिटरच्या उंच कॅनचा वरचा तिसरा हिस्सा उघडाच राहतो. होल्डर कॅनला चिकटून बसायला हवा आणि वरच्या कडेपर्यंत यायला हवा, एवढं पाहून घेतलं की पुरे.

वापरल्यावर तो धुवायला हवा. गोड पेय सांडून शिवणीत मुरतं, दमट हवेत बुरशी धरते आणि आठवड्याभरात वास येतो. साध्या साबणाच्या पाण्यात चुबकून, आतली बाजू बाहेर करून सावलीत वाळवावा. सतत कडक उन्हात राहिला तर निओप्रीन हळूहळू कडक होऊन भेगाळतो. इस्त्री आणि गरम पाणी वर्ज्य.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. या वस्तूचा प्रचार आपल्याकडे सुरू झाला आहे. ऑनलाइन दुकानांत पन्नास, शंभर, दोनशे नगांच्या घाऊक मागण्या घेतल्या जातात, त्यांवर वधू-वरांची नावं किंवा कंपनीचं चिन्ह छापून मिळतं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत हे अनेक दशकं चाललं आणि तिथल्या घरांच्या खणांत असे डझनभर होल्डर पडून असतात. निओप्रीन हे पक्कं झालेलं रबर आहे. ॲल्युमिनियमचा कॅन भंगारवाल्याकडे जातो आणि वितळून पुन्हा कॅन होतो. निओप्रीन वितळत नाही, त्याला भंगारवालाही घेत नाही. कॅनचा गारवा वाचवायला घेतलेली वस्तू कॅनहून मोठा कचरा होऊन बसते. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर, मखरांवर बंदी आणली तेव्हा आपण कुरकुरलो, पण सवय बदलली. फुकट वाटायच्या होल्डरची सवय मुळात लागूच देऊ नये.

म्हणून मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या वाचकांना माझं सांगणं: घरात माणशी एक होल्डर घ्या, आपण जो कॅन पितो त्याच्या मापाचा, पाच मिलिमीटरचा, शिवलेला. कोकम सरबताच्या नाहीतर ताकाच्या बाटलीलाही तो चालतो, मापाचा असला म्हणजे झालं. नागपूर-अकोल्याकडच्यांनी माठ आणि ओलं फडकं सोडू नये, होल्डर फ्रीजमधल्या पेयापुरता ठेवावा. फायदा पटत नसेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन सारखे गार कॅन, एक उघडा आणि एक होल्डरमध्ये, आधी वजन करून दहा मिनिटं ठेवा. मग होल्डर काढून, न पुसता, दोन्ही कॅन पुन्हा तोला. उघड्या कॅनवर जितके ग्रॅम वाढलेले दिसतील, त्याच्या दुपटीइतके अंश तो फक्त घामानं तापला असं समजा. आणि येत्या लग्नसराईत कोणी दोनशे होल्डर छापून घ्यायला निघालं असेल, तर त्यांना आत्ताच थांबवा.